नववी जागा

“एफ थ्री दाब,” श्रेणिक म्हणाला.

मी दाबलं. पडद्यावर नदीवरचा दगडी पूल आला. पुलावर कुणी नव्हतं.

“एफ फोर.”

जंगलाच्या कडेची सोन्याची खाण आली. माझे कामगार टिकाव मारत होते.

“आता परत एफ वन.”

पूल नाही, जंगल नाही, थेट माझा तळ समोर. मी खांदे उडवले. “मग? त्यात काय एवढं? कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर क्लिक केलं तरी हेच होतंय की.”

“त्यासाठी डोळे कोपऱ्यात न्यायचे, माउस न्यायचा, परत आणायचा. तेवढ्यात तुझी निम्मी माणसं मेलेली असतात, हर्ष्या.” त्यानं माझा हात बाजूला करून स्वतःची बोटं वरच्या ओळीवर ठेवली. “आपण जागेकडं जायचंच नाही. जागेला आपल्यापुढं बोलवायचं.”

मग त्यानं आठही बटणं एकामागोमाग वाजवली. तळ, फाटक, पूल, खाण, दुसरी खाण, टेकडी, बंदर, शत्रूची वाट. पुन्हा तळ. अख्खी फेरी बारा सेकंदांत पुरी. सोसायटीचा वॉचमन शिट्टी वाजवत फिरतो तसा हा दर बारा सेकंदांनी आपल्या राज्याला चक्कर मारून यायचा, आणि जिथं जे चुकलंय ते जाता जाता दुरुस्त करायचा.

ही २०१२ सालची, सांगलीतली गोष्ट. शंभर फुटी रस्त्यावर कुंदाकाकूंचं सायबर कॅफे होतं. पूर्वी तिथं एसटीडी बूथ होता. फोन गेले, संगणक आले, काकू तशाच राहिल्या. चपला बाहेर काढायला लावायच्या आणि कुणी शिवी दिली तर त्याच्या मशीनचा मेन स्विच बंद करायच्या. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कोण जिंकतंय हे पोरांच्या पाठीकडं बघून ओळखायच्या.

आम्ही जो गेम खेळायचो त्यात तळ बांधायचा, सोनं खणायचं, सैन्य उभं करायचं आणि समोरच्याचा तळ उद्ध्वस्त करायचा. नकाशा एवढा मोठा, की पडद्यावर एका वेळी त्याचा जेमतेम विसावा भाग दिसायचा. उरलेल्या भागात काय चाललंय ते खाली डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर ठिपक्यांनी कळायचं. आपले हिरवे, शत्रूचे लाल. आम्ही सगळे त्या ठिपक्यांवर जगायचो. श्रेणिक मात्र त्या कोपऱ्याकडं ढुंकूनही बघायचा नाही. कंट्रोल दाबून जागा बटणांवर बसवायच्या आणि मग बोटांनीच फिरत राहायचं, ही त्याची पद्धत. काकूंच्या कॅफेत ती एवढी गाजली, की वर्षभरात सगळी पोरं आठ-आठ बटणं बडवायला लागली. आम्हाला वाटायचं, हा कुठून तरी परदेशातून शिकलेला डाव आहे.

श्रेणिक उपाध्ये माझ्याच वर्गात होता. उंच, सडपातळ, बोलायला गोड, आणि चालायला मात्र भलताच धांदरट. कॅफेत शिरताना एखादं स्टूल तरी पाडल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही. “अरे, डोळे काय खिशात ठेवलेत का?” काकू ओरडायच्या. तो हसायचा आणि स्टूल उचलून ठेवायचा. आम्हीही हसायचो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची वेळ. साडेपाच झाले की हा उठायचा. गेम कितीही रंगात असो, कुणाची मान कितीही आवळलेली असो, पावणेसहाच्या माधवनगरच्या बसला हा हजर. पहिल्यांदा मी वैतागून विचारलं होतं, तेव्हा शेजारचा कुणी तरी म्हणाला, “अरे, जैन आहे तो. सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं त्यांना.” श्रेणिक नुसता हसला होता. मग आमच्यात ती एक रीतच पडली. पाच वाजले की कुणी तरी हाळी द्यायचं, “श्रेण्या, आवर, सूर्य चालला!” हिवाळ्यात तर आम्ही त्याच्यासाठी गेम लवकर सुरू करायचो. आपण दुसऱ्याच्या धर्माचा किती मान ठेवतो, याचं मला त्या वेळी मनातून बरं वाटायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये विभागीय स्पर्धा ठरली. सांगली, कोल्हापूर, सातारा मिळून एकच जागा. जो जिंकेल तो बेंगळुरूला देशपातळीवर खेळणार. मला ती जागा हवी होती. तीन विषय राहिलेले, घरात वडील माझ्याशी फक्त ‘जेवलास का’ एवढंच बोलायचे. आयुष्यात एकदा तरी आपली निवड कशासाठी तरी व्हावी, असं वाटायचं.

श्रेणिकला ती माझ्याहून जास्त हवी होती. “या वर्षी जायचंच, हर्ष्या,” तो म्हणायचा.

“पुढच्या वर्षीही असतीय की ही स्पर्धा.”

“पुढच्या वर्षी नाही. या वर्षीच.”

मला वाटायचं, शेवटचं वर्ष आहे, पुढं नोकरीच्या मागं लागणार, म्हणून म्हणतोय.

दोघांनाही हवी असली तरी आम्ही तयारी एकत्रच केली. एक दिवस मी त्याला विचारलं, “तुझ्या आठ जागा झाल्या. पण तळाच्या मागं, उत्तरेला तो कडा आहे, तिथं बटण का नाही?”

“तिथं बाहेरून पायी येता येत नाही.”

“हवाई जहाजातून उतरवता येतंय की.”

“येतंय. पण नववी जागा धरली तर फेरी लांबती. बोटही पोचत नाही.” त्यानं माझ्याकडं मान वळवली. “कुणाला सांगू नको हां.”

“खुळा आहेस का,” मी म्हणालो.

आणि खरंच, मी कुणाला सांगितलं नाही.

अंतिम सामना आम्हा दोघांतच झाला. रविवारची दुपार, तीनची वेळ. प्रोजेक्टर बंद पडला, मग वीज गेली, मग प्राचार्यांचं भाषण झालं. तीनपैकी दोन गेम जिंकायच्या होत्या. पहिली मी जिंकली. दुसरी त्यानं जिंकली, आणि अशी जिंकली की माझ्याच मित्रांनी टाळ्या वाजवल्या. तोवर सहा वाजून गेले होते.

तो उठून आयोजकाकडं गेला. मंचावरून त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. “तिसरी उद्या सकाळी घेता येईल का, सर? मला निघावं लागतंय.”

आयोजक आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा मुलगा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. “दोघांची तयारी असेल तर घेऊ उद्या. काय रे हर्षद?”

श्रेणिकचा हात बसला होता, पण उद्यावर ढकललं तर मला रात्रभर झोप येणार नव्हती. शिवाय त्याला घाई असणं मला सोयीचंच होतं. मी मोठ्यानं म्हणालो, “एक दिवस उशिरा जेवलास तर काय बिघडतंय रे?”

हॉल हसला. श्रेणिकही हसला आणि जागेवर येऊन बसला. मोठ्या पडद्यावर नीट दिसावं म्हणून कुणी तरी उरलेले दिवेही घालवले.

तिसऱ्या गेमच्या दहाव्या मिनिटाला मी हरत होतो. त्याची फेरी चालू होती. पुलावर माणसं पाठवावीत तर तो तिथं, बंदरावर जावं तर तिथंही हाच. मला त्याचा क्रम पाठ होता, पण क्रम कळून उपयोग नव्हता, कारण तो चुकत नव्हता. मग मला कडा आठवला. आठवला म्हणणं खोटं आहे. तो पहिल्यापासून माझ्या डोक्यात होता. मी फक्त दहाव्या मिनिटापर्यंत स्वतःला आवरलं.

चार हवाई जहाजं भरली, नकाशाच्या काठाकाठानं नेली आणि त्याच्या तळामागच्या कड्यावर सैन्य उतरवलं. चोवीस सैनिक. लगेच हल्ला केला असता तर त्याचं सैन्य घरीच होतं, माझा चुराडा झाला असता. त्याचं सैन्य पुलाकडं निघेपर्यंत थांबणं भाग होतं. म्हणून मी माझी माणसं तिथं उभी ठेवली, अगदी उघड्यावर. त्याच्या कोपऱ्यातल्या नकाशावर त्या वेळी चोवीस लाल ठिपके दिसत असणार. दुसऱ्या कुणालाही पहिल्या सेकंदाला दिसले असते. मी घड्याळाकडं बघत होतो. दहा सेकंद, तीस, साठ. दीड मिनिट माझं सैन्य त्याच्या उशाशी उभं होतं आणि तो आपली आठ जागांची फेरी मारत होता.

त्याचं सैन्य पुलावर पोचलं आणि मी खाली उतरलो. चाळीस सेकंदांत त्याचा तळ संपला.

पडद्यावर त्याची दोन अक्षरं आली, ‘जीजी’. हरणाऱ्यानं जाताना लिहायचा रिवाज असतो, छान खेळलास अशा अर्थाचा. मी हेडफोन काढले. हॉल दणाणत होता. मी टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेलो आणि हात पुढं केला.

तो उठला. समोर बघत होता. माझ्या हाताकडं त्यानं पाहिलंही नाही. टेबलाची कड धरून, माझ्या अंगावरून तो तसाच पायऱ्यांकडं निघून गेला. अंधारात, खुर्च्यांच्या पाठींवर हात ठेवत ठेवत, हळूहळू. दोनशे माणसांसमोर माझा हात तसाच राहिला. मी तो खिशात घातला.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. त्या रात्री मी भेटेल त्याला तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी कॅफेतही तेच. “हरणं पचलं नाही त्याला. हात दिला नाही, बघितलंच की तुम्ही सगळ्यांनी.” सगळ्यांनी बघितलं होतं. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

तीन-चार दिवसांनी श्रेणिक कॅफेत आला. दारात चप्पल काढली, एक स्टूल पाडलं, उचललं आणि माझ्या शेजारच्या मशीनवर येऊन बसला. “हर्ष्या, बेंगळुरूची तयारी करू या,” तो म्हणाला. “मी तुझ्यासमोर खेळतो रोज. सरावाला.”

मी हेडफोन कानांवर चढवले. बाकीची पोरंही आपापल्या पडद्यात बघत राहिली. तो थोडा वेळ तसाच बसला. एकटाच एक गेम खेळला, मशीनविरुद्ध. साडेपाचला उठला, तेव्हा कुणी हाळी दिली नाही.

त्यानंतर तो आला नाही. कुंदाकाकूंनी मला दोनदा विचारलं, “अरे, तुमचं काय झालं? ते पोर माझ्याजवळ विचारत होतं, माझं काही चुकलं का म्हणून.” मी म्हणालो, “त्यालाच विचारा, काकू.”

बेंगळुरूला मी पहिल्याच फेरीत हरलो. अकरा मिनिटांत. समोरच्या मुलानं माझ्या आठही जागा ओळखल्या होत्या.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर वडिलांच्या मोतीबिंदूसाठी मी मिरजेच्या एका दवाखान्यात गेलो होतो. वडिलांना आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर टेकलो आणि समोरच्या बाकावर श्रेणिक दिसला. दाढी वाढवली होती. तो थेट माझ्याकडंच बघत होता, आणि ओळख दाखवत नव्हता.

माझं डोकंच फिरलं. पावणेदोन वर्षं झाली तरी हा माज. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, “अजून राग गेला नाही वाटतं साहेबांचा.”

त्याचा चेहरा एकदम उजळला. “हर्ष्या?” त्यानं मान इकडून तिकडं फिरवली. “हर्ष्या, कुठायस?”

मी त्याच्यापासून चार हातांवर बसलो होतो.

तेवढ्यात हातात फाईल घेऊन त्याची मोठी बहीण आली. राजुलताई. तिला मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं. “हर्षद ना तू?” ती म्हणाली. “हा घरात तुझंच नाव घेतो सारखं.”

“याला काय झालंय, ताई?”

“म्हणजे? तुला सांगितलं नाही यानं?” ती श्रेणिककडं वळली. “अरे, मित्रालासुद्धा नाही?”

श्रेणिक खाली मान घालून हसला. आम्ही स्टुलावरून हसायचो तेव्हा हसायचा तसाच.

मग तिनं सांगितलं. डोळ्यांचा पडदा झिजायचा आजार. दहावीत कळला. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं जातं. “पुंगळीतून बघितल्यासारखं. समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं काही नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, बावीस-तेविसाव्या वर्षापर्यंत हेही जाईल. गेल्या वर्षी पडद्यावरचं नीट दिसायचं, तेवढंच वर्ष होतं हातात. म्हणून त्या बेंगळुरूचा ध्यास घेतला होता त्यानं.”

“पण तो साडेपाचला जायचा...” मी काय बोलतोय ते मलाच कळत नव्हतं. “सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतंय म्हणून.”

“आमच्यात कोण पाळतंय आता? आजी पाळायची. हा तर रात्री अकराला भडंग खात बसतोय.” तिनं श्रेणिककडं बघितलं. “अंधार पडला की त्याला बस दिसायची नाही रे.”

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. श्रेणिकच म्हणाला, “एक विचारू? तुम्ही सगळे एकदम बोलेनासे का झालात? मला वाटलं, तुम्हाला कळलं. आता आंधळ्याबरोबर कोण खेळणार, असं वाटलं असंल पोरांना. म्हणून मग मीच यायचं बंद केलं.”

“तू हात दिला नाहीस,” मी म्हणालो. “सामना झाल्यावर.”

“कुठला हात?”

मला रडू फुटलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, भरदिवसा, लोकांसमोर. मी आवाज होऊ दिला नाही, आणि त्याला ते दिसलं नाही. राजुलताईनं फाईल उघडून त्यात बघायला सुरुवात केली.

“ते जाऊ दे,” श्रेणिक म्हणाला. “मला तिसरी गेम सांग. तू आलास कुठून? मी लई डोकं खाजवलं. रेकॉर्डिंग बघायला बसलो घरी, पण तोवर बारीक दिसेनासं झालं होतं. ताईला विचारलं तर ती म्हणती, मला त्यातलं काय कळतंय.”

“कड्यावरून,” मी म्हणालो. “उत्तरेच्या.”

“हात्तिच्या!” त्यानं मांडीवर थाप मारली. “नववी जागा. मीच सांगितली होती तुला.” त्याच्या आवाजात राग नव्हता. मग तो गंभीर झाला. मला वाटतं, हाच प्रश्न त्यानं इतके महिने जपून ठेवला होता. “किती वेळ उभं होतं सैन्य तिथं? खरं सांग. दुसऱ्या कुणाला दिसलं असतं का?”

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो कान देऊन ऐकत होता.

“तीन सेकंद,” मी म्हणालो. “उतरवलं आणि लगेच मारलं.”

“नक्की?”

“नक्की. तुला वेळच दिला नाही मी.”

त्यानं श्वास सोडला आणि पाठ भिंतीला टेकवली. “तीन सेकंदांत कुणाला दिसणार? म्हणजे डोळ्यांनी नाही हरवलं मला. तूच चांगला खेळलास.”

“हो,” मी म्हणालो.

आतून त्याचं नाव पुकारलं. राजुलताईनं त्याला दंडाला धरून दारापर्यंत नेलं, नर्सच्या हाती दिलं आणि ती परत माझ्याजवळ आली. मला वाटलं, फाईलमधला काही कागद बाकावर राहिला असेल.

“मी होते त्या दिवशी हॉलमध्ये, अंधार पडला म्हणून त्याला न्यायला आलेली. पहिल्या रांगेत,” ती हळूच म्हणाली. “मोठ्या पडद्यावर त्याचाच खेळ दाखवत होते, कोपऱ्यातले लाल ठिपके दिसत होते. मी उभी राहून ओरडत होते, श्रेणिक, खाली कोपऱ्यात बघ, कोपऱ्यात बघ. शेवटी लोकांनी मला खाली बसवलं.”

मी बाकावरून उठलो.

“त्याला तीनच सांगत जा,” ती म्हणाली, आणि आत गेली.